रूप बदलणारा सोबती

(संग्रामपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा जीव मुलांच्या वाचनात गुंतलेला होता असं संयोजकांनी मला सांगितलं. म्हणून विषयही मी मुलांच्या जगातलाच घेतला. साहसाच्या अद्भुत गोष्टींत नायकाबरोबर बहुधा एक जनावर असतं. ते बोलतं, वेळ पडली की रूप पालटतं आणि काही झालं तरी नायकाची साथ सोडत नाही. तुमच्या घरची पोरं मोबाइलवर ज्या मालिका बघतात त्यांत हा सोबती असतोच. इंग्रजीतले कादंबरीकार फिलिप पुलमन यांनी तर १९९५ साली सुरू केलेल्या आपल्या कादंबरीमालेत माणसाचा जीवच जनावराच्या रूपानं त्याच्याबरोबर वावरताना दाखवला. मूल लहान असेतो ते जनावर घटकेत पतंग होतं, घटकेत रानमांजर. मूल वयात आलं की ते एका रूपावर ठरतं, मग बदलत नाही. मला ही कल्पना फार आवडते. लहानपण म्हणजे अजून न ठरलेलं रूप, हे त्यात किती नेमकं पकडलंय!

पण हा सोबती पाहायला आपल्याला लांब जायची गरज नाही. तो आपल्या गावच्या वेशीवर शेंदूर लावून बसलेला आहे. मी आज मारोतीबद्दल बोलणार आहे. देव म्हणून तुम्ही त्याला हात जोडता, मीही जोडतो. आज मात्र गोष्टीतला सोबती म्हणून त्याच्याकडे पाहू या. तसं पाहिल्यानं भक्ती कमी होत नाही. माझी तरी वाढली.

या मुलखात त्याच्यापासून सुटका नाही. इथून नांदुऱ्याला गेलात की महामार्गाच्या कडेला १०५ फुटांची त्याची मूर्ती उभी दिसते. दुसऱ्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी वारी भैरवगडला वान नदीच्या काठी त्याचं ठाणं आहे, आणि तिथल्या धरणाच्या जलाशयाचं नावच हनुमान सागर. आपला भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि त्या पाण्यानं मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं या तालुक्यात घरोघर माहीत आहेत. अशा गावांच्या नळाला जे गोडं पाणी येतं ते याच हनुमान सागरातून. आणि त्याचे भाऊबंद म्हणाल, तर सोनाळ्याकडच्या संत्र्याच्या बागेत काळतोंड्या वानरांचा कळप शिरला की काय होतं ते शेतकऱ्याला विचारा. तो हातात गोफण घेतो, डबा बडवतो, शिव्या देतो. पण वानर मेलेलं सापडलं तर तोच शेतकरी त्याच्यावर कापड घालतो, गुलाल टाकतो आणि माती देतो. एवढं नुकसान सोसून हा मान राखला जातो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

वेशीवरच्या जुन्या मारोतीकडे जरा जवळून पाहा. दर शनिवारी तेल आणि शेंदूर. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. पिढ्यान् पिढ्या हे चालतं आणि मूर्तीचे हातपाय, शेपटी, गदा सगळं त्या थरांखाली जातं. शेवटी उरतो एक गोल, तांबडा, लकाकणारा धोंडा आणि त्याला बसवलेले दोन डोळे. नवख्या माणसाला कळणारही नाही की आत वानराची आकृती आहे. मग कधीतरी, ध्यानीमनी नसताना, ते शेंदराचं कवच तडकतं आणि निखळून पडतं. आतून मूळची मूर्ती निघते. कुठे हात जोडलेला दासमारुती, कुठे हात उगारलेला, पायाखाली राक्षस दाबलेला वीरमारुती. ज्याला आजवर एका रूपात पुजलं तो भलत्याच रूपात समोर येतो. कवच विधिपूर्वक नदीत सोडतात आणि नव्या मूर्तीला पुन्हा पहिला हात शेंदराचा लावतात. रूप बदलणाऱ्या देवाची मूर्तीही अशी रूप बदलत राहते.

समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात कृष्णेच्या खोऱ्यात जे अकरा मारुती बसवले, त्यांतले दोन एकट्या चाफळला आहेत. राममंदिरासमोर हात जोडून उभा आहे तो दासमारुती, मंदिराच्या मागे आहे तो प्रतापमारुती. एकच देव, एकाच आवारात, एकाच स्थापकानं दोन रूपांत उभा केला. समोर नम्र आणि पाठीशी उग्र. संरक्षण करणाऱ्यानं कुठे कसं उभं राहावं, याचा समर्थांनी केलेला हा विचार मला त्यांच्या कोणत्याही उपदेशापेक्षा बोलका वाटतो.

आता गोष्टीकडे येतो. रामायणात रूप बदलणारे पुष्कळ आहेत. मारीच सोन्याचा मृग होतो. रावण भिक्षू होऊन पर्णकुटीच्या दारात येतो. रामकथेचं सगळं दुःख इथून सुरू होतं, म्हणजे बदललेल्या रूपांवर ठेवलेल्या विश्वासातून. आणि तेच दुःख निवारायला जो निघतो तोही रूप बदलणाराच आहे! राक्षसाची आणि वानराची विद्या एकच. मग सीतेनं याच्यावर विश्वास का ठेवावा? वाल्मीकींनी हा प्रश्न टाळला नाही. सुंदरकांडातले तिसाव्यापासून छत्तिसाव्यापर्यंतचे सर्ग त्यांनी जवळजवळ याच एका प्रश्नावर खर्च केले आहेत. माझ्या मते सगळ्या रामायणाचा कस तिथे आहे.

पण आधी एक मागचा प्रसंग. ऋष्यमूक पर्वतावरून सुग्रीवाला दोन धनुर्धारी येताना दिसतात. हे वालीचे हेर असतील या भीतीनं तो हनुमंताला पुढे पाठवतो. हनुमंत वानराचं रूप टाकतो, भिक्षूचं रूप घेतो आणि राम-लक्ष्मणांपुढे जाऊन इतकं शुद्ध बोलतो की राम लक्ष्मणाला म्हणतो, वेद आणि व्याकरण शिकल्याशिवाय कोणाला असं बोलता येणार नाही, एवढ्या बोलण्यात एक शब्द चुकला नाही. ओळख पटली, मैत्री ठरली. तेव्हा हनुमंत काय करतो? भिक्षूचं रूप तिथल्या तिथे टाकतो, वानर होतो आणि दोघा भावांना पाठीवर घेऊन डोंगर चढतो. पारख होईपर्यंत सोंग, पारख झाली की खरं रूप. रावण भिक्षू झाला तो उचलून न्यायला. हा भिक्षू झाला आणि वाहून न्यायला वानर झाला.

आता अशोकवन. समुद्र ओलांडून, मांजराएवढा होऊन रात्री लंकेत शिरलेला हनुमंत शिंशपेच्या झाडावर पानांत दडून बसला आहे. खाली सीता. राक्षसींचा पहारा. रावण नुकताच येऊन धमकावून गेला आहे. आणि हनुमंत विचार करतो. चांगला एक सर्गभर विचार करतो. मी आता गेलो नाही तर ही जीव देईल. एकदम गेलो तर घाबरून ओरडेल, राक्षसी जाग्या होतील, लढाई जुंपेल. मी त्यांना मारीनही, पण थकून गेलो तर समुद्र पुन्हा कसा ओलांडणार? मग बोलण्याचा विचार. मी ब्राह्मणासारखी संस्कृत वाणी काढली तर ही मला रावण समजून भिईल. म्हणून साध्या माणसांच्या बोलीत बोललं पाहिजे. जे शुद्ध बोलणं रामाला जिंकायला उपयोगी पडलं, तेच इथे घातक ठरेल हे त्याला कळतं. आणि भिक्षूचं रूप? ते तर त्याच्या हाताशी होतं, पूर्वी वापरून झालेलं होतं. तो त्याचा विचारसुद्धा करत नाही. ज्या वेषानं हिला फसवलं त्या वेषाची सावलीही कवी तिच्यावर पडू देत नाही. हनुमंत लहानसं वानरच राहतो, आणि झाडावरूनच हळू, गोड आवाजात गोष्ट सांगू लागतो: दशरथ नावाचा राजा होता.

पुढे काय होतं ते पाहा. सीता वर बघते, वानर दिसतं, आणि तिला वाटतं हे स्वप्न आहे. स्वप्नात वानर दिसणं तर अशुभ. मग तीच स्वतःला समजावते, मला झोपच नाही, तर स्वप्न कुठून पडणार? हनुमंत खाली उतरतो, हात जोडतो, बोलतो. तिला बरं वाटतं. पण तो एकेक पाऊल जवळ येऊ लागतो तसतसा तिचा संशय वाढतो. हा रावणच असणार. ती अशोकाची धरलेली फांदी सोडते आणि जमिनीवर बसते. जनस्थानात भिक्षू होऊन आलेला तो तूच, असं त्याला तोंडावर सुनावते. आणि त्याच दमात म्हणते, पण तुला पाहून माझ्या मनाला आनंद कसा होतो? फसवल्या गेलेल्या माणसाच्या मनाची ही ओढाताण इतक्या बारकाईनं मी दुसरीकडे क्वचित वाचली आहे.

हनुमंत रागावत नाही. मी एवढा समुद्र उडून आलो आणि तू मलाच चोर म्हणतेस, असं एक अक्षर काढत नाही. ती सांगते, राम-लक्ष्मणांची लक्षणं सांग. तो रामाचं नखशिखान्त वर्णन करतो. पण रामाचं वर्णन तर रावणाच्या हेरांनाही माहीत असू शकेल. म्हणून तो पुढची गोष्ट सांगतो: तुला आकाशातून नेत असताना तू दागिने खाली टाकलेस, ते आम्हा वानरांना सापडले, मीच ते रामाला दिले, आणि ते पाहून राम कसा रडला. सीतेला आठवत होतं, त्या डोंगराच्या माथ्यावर पाच वानर बसलेले होते, म्हणून तर तिनं पदरात बांधून दागिने तिथे टाकले होते. त्या पाचांतला एक समोर उभा आहे. अंगठी त्यानंतर येते. आपण कीर्तनात आणि चित्रात अंगठीला सगळं श्रेय देतो. मला वाटतं, विश्वास अंगठीच्या आधीच बसला होता. अंगठी चोरता येते. रामाचं रडणं चोरून सांगता येत नाही.

मग मात्र तो चूक करायच्या बेतात असतो, आणि ती जागा मला फार जिवाभावाची वाटते. तो म्हणतो, माझ्या पाठीवर बस, आत्ताच तुला रामाकडे नेतो. सीतेला हसू येतं; एवढंसं तुझं अंग, तू मला कशी नेणार? वानरस्वभावच तुझा, ती म्हणते. तेव्हा तो आपलं मेरूएवढं रूप दाखवतो. तिला पटतं, पण ती जात नाही. उडताना मी समुद्रात पडेन, राक्षस पाठलाग करतील तेव्हा तू लढशील की मला सांभाळशील, आणि शिवाय रामानंच येऊन मला न्यावं यातच त्याची शोभा आहे. एवढं अफाट रूप दाखवूनही नकार! आणि तो ते मोठं रूप आवरतो आणि म्हणतो, तुझं बरोबर आहे. खुणेचा चूडामणी घेतो आणि निघतो. सामर्थ्य दाखवून झाल्यावर समोरच्याचं ऐकून ते परत आवरणं, हे त्या उड्डाणापेक्षा अवघड आहे.

मोठं होणं सगळ्यांना दिसतं. कामाला मात्र अनेकदा लहान होणंच येतं. समुद्र ओलांडताना नागमाता सुरसा वाटेत तोंड पसरते, हा वाढत जातो, तीही तोंड वाढवत जाते, शंभर योजनांपर्यंत. तेव्हा हा अंगठ्याएवढा होतो, तिच्या तोंडात शिरतो आणि बाहेर येतो. तिचा शब्द राहिला, याचा प्रवास राहिला. लंकेत बांधून शेपटीला आग लावली तेव्हाही तो आधी अंग आखडून लहान होतो, दोऱ्या आपोआप गळतात, आणि मग पर्वताएवढा होतो.

आणि तरी त्याचा मूळ स्वभाव काही केल्या लपत नाही. रावणाच्या अंतःपुरात मंदोदरीला झोपलेली पाहून त्याला क्षणभर वाटतं, हीच सीता. त्या आनंदात तो काय करतो? खांबावर चढतो, खाली उडी मारतो, आपल्या शेपटीचा मुका घेतो. वाल्मीकी सरळ म्हणतात, वानराची जात त्यानं दाखवली. मग भानावर येऊन तो विचार करतो की रामाच्या विरहात सीता अशी सुखानं झोपणं शक्य नाही. मुलांना ही जागा जरूर वाचून दाखवा. ती हसतील, आणि तो देव त्यांचा होईल.

शेपटीवरून चीनमधल्या वानराची आठवण येते. सोळाव्या शतकातल्या ‘पश्चिमेचा प्रवास’ या चिनी कादंबरीत सून वूकोंग नावाचा वानरराजा आहे. बौद्ध ग्रंथ आणायला भारताकडे निघालेल्या भिक्षूचा तो सोबती. त्याला बहात्तर रूपं घेता येतात. एका लढाईत तो देऊळ होतो, पण शेपटी लपेना म्हणून तिचा ध्वजस्तंभ करून देवळाच्या मागे उभा करतो. देवळाच्या मागे ध्वजस्तंभ कधी कोणी पाहिलाय? शत्रू तेवढ्यावरून ओळखतो. हू शी या चिनी पंडितानं १९२३ साली म्हटलं की हा वानर मुळात आपल्या हनुमंतावरून घेतलेला. लेखक लू शून यांना ते पटलं नाही, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मला त्या वादापेक्षा दोघांतला फरक महत्त्वाचा वाटतो. सून वूकोंगच्या डोक्यावर सोन्याचं कडं बसवलेलं आहे. तो ऐकेनासा झाला की भिक्षू मंत्र म्हणतो, कडं आवळतं आणि वानर वेदनेनं लोळू लागतो. त्याची निष्ठा हळूहळू घडत जाते, ती गोष्टही सुंदर आहे. पण हनुमंताच्या डोक्यावर कडं नाही. रामाच्या हाती असा कोणताही मंत्र नव्हता.

आपल्याकडे रूप पालटून साथ देणारी आणखीही जनावरं आहेत. युधिष्ठिराच्या मागे शेवटपर्यंत चालणारा कुत्रा धर्म निघाला. दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद असं आपण मानतो. पण धर्म कुत्रा झाला तो परीक्षा घ्यायला. हनुमंत कोणाची परीक्षा घेत नाही. तो सगळीकडे स्वतःच परीक्षा देतो.

काही जण म्हणतात, हनुमान म्हणजे आज्ञाधारक दास, त्यात स्वतःची बुद्धी कुठे आहे? मला हे मान्य नाही. दक्षिणेकडे पाठवताना रामानं त्याच्या हाती अंगठी दिली, एवढंच. मांजराएवढा हो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. झाडावरून गोष्ट सांग, साध्या बोलीत सांग, हेही नाही. लंका जाळ असंही नाही. आणि ती जाळल्यावर सीताही त्यात जळाली असेल या भीतीनं तो स्वतःला किती दोष देतो! कोणत्या वेळी कोणतं रूप घ्यायचं हे तो स्वतःच ठरवतो. ज्याच्यावर माणसं अशी अवघड कामं सोपवतात तो नुसता हुकुमाचा ताबेदार असूच शकत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या डोक्यावरच्या सातपुड्यात, मेळघाटाच्या कोरकू वस्त्यांत, होळीच्या दिवसांत मेघनाथाची पूजा होते. रावणाचा तो मुलगा, ज्यानं ब्रह्मास्त्र टाकून हनुमंताला बांधलं. पायथ्याच्या गावात मारोती आणि वरच्या पाड्यात मेघनाथ, हे दोघे या डोंगरउतारावर पिढ्यान् पिढ्या एकमेकांशेजारी राहत आलेत. रामकथा या मुलखात एकाच बाजूनं सांगितली गेलेली नाही, हे मला या भागाचं धन वाटतं.

हनुमंताला रूप बदलताना प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायची सोय मराठी माणसानंच केली. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, हनुमान झाले गणपत शिंदे. कॅमेऱ्याच्या करामतीनं हनुमान आकाशात उडताना दिसला आणि लोकांची झुंबड उडाली. त्या पटाचा आता थोडाच भाग शिल्लक आहे. एकाच नटानं राम आणि सीता व्हायचं, आणि त्या दोघांच्या मधला निरोप्या मात्र वेगळा, ही गोष्ट आठवली की मला त्या भूमिकावाटपात एक खोल अर्थ दिसतो, मग तो फाळक्यांच्या मनात असो वा नसो.

आता शेवटचा प्रसंग, युद्धकांडाच्या अखेरचा. कीर्तनात तो फार कमी सांगितला जातो. युद्ध संपलं. राम परत निघाला आहे. वाटेत तो हनुमंताला पुढे पाठवतो: भरताकडे जा, मी येतोय म्हणून सांग, आणि ते ऐकताना त्याचा चेहरा कसा होतो ते नीट पाहा. चौदा वर्षं राज्य हाताळलेल्या माणसाचं मन बदललं असेल तर रामाला ते जाणून घ्यायचं आहे. इतक्या नाजूक कामासाठी लक्ष्मण नाही, बिभीषण नाही, हनुमंत. आणि हनुमंत या वेळी माणसाचं रूप घेतो. नंदिग्रामात वल्कलं नेसलेला, कृश झालेला भरत त्याला दिसतो. बातमी ऐकताच भरत आनंदानं भुईवर कोसळतो. सावध झाल्यावर तो निरोप्याला मिठी मारतो आणि म्हणतो, तू देव आहेस की माणूस ते मला ठाऊक नाही, पण माझ्यावर दया करून आलास. आणि लाख गाई, शंभर गावं बक्षीस म्हणून जाहीर करतो. मग हनुमंत त्याच्याजवळ बसून वनवासापासूनची सगळी हकीकत सांगतो, अशोकवनात सीतेला सांगितली तशीच, पहिल्यापासून.

सगळी अयोध्या सामोरी निघते. वाट बघतात. राम दिसत नाही, वानरसेनाही दिसत नाही. आणि ज्यानं थोड्या वेळापूर्वी मिठी मारली तो भरत हनुमंताकडे वळून विचारतो, हा तुझा वानराचा चंचलपणा तर नव्हे ना? समुद्र ओलांडला, लंका जाळली, सीतेचा विश्वास मिळवला, आणि शेवटच्या मुक्कामी पुन्हा तोच संशय, तोच जातीवरून काढलेला बोल. हनुमंत अजिबात दुखावत नाही. भरद्वाजांच्या कृपेनं वाटेवरची झाडं फळांनी लगडली आहेत, तिथे सेनेचा पाहुणचार चाललाय, म्हणून उशीर झाला असं कारण सांगतो. तो गलबला ऐका म्हणतो, ती उठलेली धूळ बघा, वानरसेना गोमती नदी उतरत असावी. आणि मग आकाशात विमान दिसू लागल्यावर बोट करून दाखवतो. पुढे ते वानर येतात तेव्हा त्या सगळ्यांनी माणसांची रूपं घेतलेली असतात, आणि ते भरताची खुशाली विचारतात.